कामगार नुकसानभरपाईची वकिली शिकायची आहे: डिप्लोमा, एलएल.एम., सिनिअरचं चेंबर की विधी सेवेचं पॅनेल?

हा आढावा एका ठरावीक वकिलासाठी आहे. सनद मिळून तीन-चार वर्षं झाली आहेत आणि दिवाणी-फौजदारीची किरकोळ कामं सुरू आहेत. ऑफिस भोसरी, चाकण, सातपूर किंवा वाळूजसारख्या औद्योगिक पट्ट्याजवळ असल्यामुळे प्रेस मशीनमध्ये बोटं गेलेले कामगार, स्लॅबवरून पडून गेलेल्या मजुरांच्या विधवा दारात येऊ लागल्या आहेत. हे काम नीट शिकायला पुढची एक-दोन वर्षं आणि थोडे पैसे द्यायची तयारी आहे, पण ते कुठे द्यायचे हे कळत नाही.

सनद मिळाल्यावर वकिलाने शिकत राहावं अशी सक्ती आपल्याकडे नाही. कॅलिफोर्नियात कामगार नुकसानभरपाई हा वेगळा विशेष विषय मानला जातो आणि त्यात विशेषज्ञ म्हणून राज्याचा बार प्रमाणपत्र देतो. आपल्याकडे तशी काही सोय नसल्याने निवड ज्याची त्यानेच करायची आहे. माझ्या मते ती एकाच प्रश्नावर करावी: या केसेस कशामुळे हरल्या जातात, आणि ते टाळायला कोणता मार्ग शिकवतो?

या केसेस कायद्याच्या अज्ञानापेक्षा पुराव्याअभावी जास्त बुडतात. मालकाच्या कैफियतीत, म्हणजे त्याच्या लेखी उत्तरात, ठरलेले मुद्दे येतात: हा माणूस आमच्याकडे कामाला नव्हता, होता तर ठेकेदाराचा होता, पगार सांगतो तेवढा नव्हता, अपघात कामामुळे झाला नाही, आणि अपंगत्व दाखल्यात लिहिलंय तेवढं नाही. ठेकेदाराच्या माणसाबद्दल मूळ मालकावर जबाबदारी टाकणारं, १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याचं कलम १२ सगळ्यांना पाठ असतं. पण गेटपास, हजेरीपत्रक, पीएफचा उतारा, दवाखान्यातले पहिल्या दिवसाचे कागद, औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाचा अपघात अहवाल हे सगळं वेळेत मागवून शाबीत करणं पाठांतराने येत नाही.

आता पैशांचं गणित पाहू. २०२४ मध्ये अपघात झालेला तीस वर्षांचा प्रेस ऑपरेटर घ्या, पगार २२,००० रुपये. कर्मचारी राज्य विमा (ईएसआय) योजनेची पगाराची मर्यादा २१,००० असल्यामुळे तो तिच्याबाहेर, म्हणून दावा १९२३ च्या कायद्याखाली. ३ जानेवारी २०२० पासून हिशेबासाठी पगार जास्तीत जास्त १५,००० धरला जात होता. कायमच्या पूर्ण अपंगत्वासाठी त्याच्या ६० टक्के म्हणजे ९,०००, गुणिले कायद्यात वयानुसार दिलेला तिसाव्या वर्षाचा गुणक २०७.९८, म्हणजे १८,७१,८२० रुपये. आता त्याचा अंगठा गेला असेल तर कायद्याच्या परिशिष्टात त्याला ३० टक्के आहेत, म्हणजे ५,६१,५४६. पण अंगठा नसलेला माणूस प्रेसवर उभा राहू शकत नाही आणि त्याला दुसरं काम येत नाही, हे तुम्ही शाबीत केलंत आणि कमाईची क्षमता ६० टक्के गेली असं मान्य झालं, तर रक्कम दुप्पट होते. त्यावर अपघाताच्या तारखेपासून १२ टक्के व्याज. मालकाने विनाकारण पैसे अडवले असतील तर ५० टक्क्यांपर्यंत दंड वेगळा. त्या कुटुंबाच्या आयुष्यातला हा सगळा फरक डॉक्टरांच्या साक्षीवर आणि तुमच्या सरतपासावर, म्हणजे आपल्याच साक्षीदाराला विचारलेल्या प्रश्नांवर, उभा असतो. म्हणून चारही मार्ग मी याच कसोटीवर घासून पाहतो.

डिप्लोमा आणि एलएल.एम.

कामगार कायदे व कामगार कल्याण पदविका, म्हणजे सगळे ज्याला डीएलएल म्हणतात ती, एका वर्षाची. पुण्या-मुंबईच्या विधी महाविद्यालयांत तिचे वर्ग चालतात आणि वकिली सांभाळून ती करता येते. तिचा खरा फायदा नकाशा डोक्यात बसण्याचा. जुन्या राज्य विमा कायद्याचं कलम ५३ लागू असेल तर नुकसानभरपाईचा दावाच करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या ट्रेहान निकालाने ते पक्कं केलंय. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६७ नुसार त्या कायद्याखालचा दावा की नुकसानभरपाई कायद्याखालचा, या दोनपैकी एकच वाट निवडता येते, आणि निवडली की मागे फिरता येत नाही. फक्त मोटार अपघाताच्या केसेस केलेला वकील इथेच पहिलं पाऊल चुकीचं टाकतो आणि दोन वर्षांनी ते निस्तरता येत नाही. ही शिस्त डिप्लोमा लावतो.

मात्र वर्गात एचआर विभागातली माणसं पुष्कळ असतात आणि शिकवणंही बरंचसं त्यांच्या गरजेचं असतं. अस्थिरोगतज्ज्ञाचा उलटतपास तिथे कोणी शिकवत नाही. शिवाय २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० लागू झाली आहे. १९२३ चा कायदा तिच्यात सामावला गेला, ‘आयुक्ता’च्या जागी ‘सक्षम प्राधिकारी’ आला, आणि घर ते कामाची जागा या प्रवासातला अपघातही ठरावीक अटींवर कामाच्या ओघात झालेला मानला जाईल अशी तरतूद आली. प्रवेश घेण्याआधी महाविद्यालयात जाऊन एवढंच विचारा की या वर्षी संहिता शिकवताय की जुन्या नोट्स? गुळमुळीत उत्तर आलं तर पैसे भरू नका.

जुना कायदा टाकाऊ झाला असंही नाही. कोणता कायदा लागू हे अपघाताच्या तारखेवरून ठरतं. १९९९ च्या वलसाला निकालात सर्वोच्च न्यायालयाने ते स्पष्ट केलं आहे. त्यामुळे पुढची बरीच वर्षं दोन्ही कायदे हाताशी ठेवावे लागतील.

एलएल.एम., म्हणजे कायद्याची पदव्युत्तर पदवी, तिच्याबद्दल थोडक्यात. शिकवायचं असेल, किंवा अपिलं चालवायची असतील तर करा. अपिलाला कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न लागतो, आणि तो नेमका मांडायला एलएल.एम.चा अभ्यास उपयोगी पडतो. तालुक्याला किंवा जिल्ह्याला दावे चालवणाऱ्यासाठी हा खर्च मला पटत नाही. परळच्या नारायण मेघाजी लोखंडे महाराष्ट्र श्रम विज्ञान संस्थेसारख्या ठिकाणचं शिक्षण चांगलं आहे, पण त्याचा रोख कामगार प्रशासनाकडे आहे. कोर्टात उभं राहण्याची तालीम तिथून मिळेल ही अपेक्षा ठेवू नये.

सिनिअरचं चेंबर

निवड एकच करायची असेल तर माझं मत इथे आहे. लेबर कोर्टात नियमित उभं राहणाऱ्या सिनिअरकडे दीड-दोन वर्षं काढावीत. वेतन तुटपुंजं मिळेल किंवा मिळणारही नाही, ही या मार्गाची सगळ्यात मोठी अडचण आहे. घर चालवायची जबाबदारी असलेल्याला तो परवडत नाही, आणि ही अडचण क्षुल्लक आहे असं मी म्हणणार नाही. पण कोणता कागद कोणत्या साक्षीदारामार्फत दाखल करायचा, विमा कंपनीला पक्षकार केव्हा करायचं, ठेकेदार आणि मूळ मालक दोघांनाही का ओढायचं, हे तिथेच कळतं. विमा कंपनीने भरपाई आणि व्याज द्यायचं, दंड मात्र मालकाच्या खिशातून, हा सर्वोच्च न्यायालयाच्या वेद प्रकाश गर्ग निकालातला नियम पुस्तकात एका ओळीचा आहे. तडजोडीच्या वेळी ती एक ओळ कशी वापरायची हे सिनिअरच्या शेजारी बसूनच समजतं.

सिनिअर निवडताना तो कोणाच्या बाजूने उभा राहतो ते पाहा. विमा कंपन्यांच्या पॅनेलवरच्या वकिलाकडे उलटतपास उत्तम शिकायला मिळतो. दावा कुठे पोकळ असतो हे त्याला दावेदाराच्या वकिलापेक्षा जास्त ठाऊक असतं. पण जखमी माणसाशी कसं बोलायचं, गावाकडून आलेल्या विधवेकडून तिच्या नवऱ्याच्या कामाचा तपशील कसा काढायचा, हे कामगारांचे खटले चालवणाऱ्याकडेच शिकता येतं. जमलं तर दोन्ही ठिकाणी राहा, आधी कामगारांच्या बाजूला. आणि युनियनच्या जुन्या कार्यकर्त्यांना कमी लेखू नका. १९२३ च्या कायद्याच्या कलम २४ प्रमाणे नोंदणीकृत कामगार संघटनेचा पदाधिकारीही कामगारातर्फे उभा राहू शकत होता, आणि त्यांच्यातल्या काहींना मशीनबद्दल आपल्यापेक्षा कितीतरी जास्त कळतं.

या मार्गातली उणीव अशी की सिनिअरच्या सवयी तुमच्या सवयी होतात. अनेक चेंबरमध्ये अपंगत्वाचा दाखला जोडला की काम झालं असं मानतात. तसं नसतं. अवयवाचं अपंगत्व, संपूर्ण शरीराचं अपंगत्व आणि कमाईच्या क्षमतेतली घट हे तीन वेगळे आकडे आहेत. १९७६ च्या प्रताप नारायण सिंह देव निकालात एका सुताराचा डावा हात कोपराच्या वर कापावा लागला होता. एका हाताने सुतारकाम होत नाही म्हणून सर्वोच्च न्यायालयाने अपंगत्व पूर्ण, १०० टक्के मानलं. भरपाई अपघाताच्या दिवसापासूनच देय होते हेही त्याच निकालात ठरलं. हा निकाल मुळातून वाचावा, सारांशावर भागवू नये. तसाच बेस्ट विरुद्ध ॲग्नेस हा मुंबईतल्या अपघाताचा निकाल. ड्युटी संपवून जोगेश्वरी डेपोतून बेस्टच्याच दुसऱ्या बसने घरी निघालेला ड्रायव्हर अपघातात गेला, आणि सर्वोच्च न्यायालयाने तो प्रवासही नोकरीच्या ओघातला मानला. संहितेतली प्रवासाबद्दलची नवी तरतूद समजून घ्यायची तर सुरुवात या निकालापासून करावी.

दाखल्यातले आकडे वाचायला शिकण्यासाठी ओळखीच्या अस्थिरोगतज्ज्ञाकडे काही संध्याकाळी बसा. सांध्याची हालचाल कशी मोजतात, पकड किती राहिली हे कसं पाहतात, दाखला कोणत्या निकषांवर देतात, हे विचारा. याला फी फारशी लागत नाही आणि कोणत्याही डिप्लोमापेक्षा हे जास्त उपयोगी पडतं, असं मी ठामपणे म्हणेन.

विधी सेवेचं पॅनेल

या मार्गाकडे तरुण वकील वळत नाहीत, याचं मला वाईट वाटतं. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे औद्योगिक कामगाराला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, स्त्रियांनाही मिळतो. म्हणजे जखमी कामगार आणि मृत कामगाराची पत्नी, दोघंही त्यात बसतात. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवर नाव असेल आणि तुम्ही हे दावे मागून घेतलेत, तर अर्जापासून युक्तिवादापर्यंत सगळं स्वतः करायला मिळतं. मानधन थोडं आणि उशिरा मिळतं. चुकलं तर सावरायला वर कोणी नसतं, म्हणून पहिल्याच वर्षी एकट्याने हे करू नये. पण चेंबरमध्ये एक वर्ष काढल्यावर याच्याइतकी चांगली शाळा मला दुसरी दिसत नाही.

औद्योगिक पट्ट्यापासून लांब असणाऱ्यांसाठी तर क्रम बदलूनच पाहावा लागेल. बीड, जालना, लातूरच्या वकिलाला या विषयातला सिनिअर गावात मिळेलच असं नाही, आणि दावे मात्र त्याच्याकडेच येतात. जुन्या कायद्याच्या कलम २१ प्रमाणे अवलंबित जिथे राहतात तिथेही अर्ज करता येतो. ऊसतोडीला कर्नाटकात गेलेला माणूस ट्रॅक्टरखाली गेला तर त्याच्या बायकोने बेळगावला खेटे घालायची गरज नाही. दावा मात्र अवघड असतो. मुकादम म्हणतो मी फक्त टोळी नेली, कारखाना म्हणतो आमच्याकडे त्याचं नावच नाही, आणि उचलीचा, म्हणजे आगाऊ दिलेल्या पैशांचा, हिशेब एका वहीत असतो, जी कोर्टात कधी येत नाही. अशा वकिलाने पॅनेलवर नाव घालावं, डीएलएल जवळच्या शहरात जमेल तेव्हा करावं, आणि सुट्टीच्या काळात महिना-दोन महिने पुण्या-औरंगाबादकडच्या एखाद्या लेबर प्रॅक्टिसमध्ये नुसतं फायली वाचत बसावं. आणि टोळी गावातून निघायच्या आधी, दसऱ्याच्या सुमारास, मुकादमाच्या वहीचे आणि उचलीच्या चिठ्ठीचे फोटो घरच्यांच्या मोबाइलमध्ये काढून ठेवायला सांगावं.