जुनी मार्लिन ३९ए की विंचेस्टर ९४२२? किंमत कशी ठरवायची

अमेरिकेत .२२ ची, म्हणजे छोट्या काडतुसाची, जुनी लिव्हर-ॲक्शन रायफल (चापाभोवतीचा दांडा खाली-वर करून काडतूस भरणारी) शोधायला लागलं की दोन नावं हटकून समोर येतात: मार्लिन ३९ए आणि विंचेस्टर ९४२२. दोन्हींचं माहेर कनेक्टिकट. दोन्हींची फ्रेम अस्सल पोलादाची. एक स्क्रू काढला की दोन्ही मधोमध सुट्या होतात. दुकानात शेजारी शेजारी टांगलेल्या असल्या की घेणाऱ्याला वाटतं, किंमत ठरवण्याची रीतही एकच असेल. तसं नाही. ३९ए घेताना तुम्ही आधी तिच्या सालाचे पैसे देता आणि ९४२२ घेताना तिच्या अवस्थेचे. हे ध्यानात ठेवलं तर निम्मी घासाघीस सोपी होते.

मार्लिन ३९ए: आधी जन्मसाल काढा

या रायफलीची वंशावळ १८९१ च्या मार्लिनपर्यंत जाते. पुढे १८९७ चं मॉडेल, १९२२ मध्ये मॉडेल ३९ आणि १९३९ मध्ये ३९ए. इतकी दशकं एकच मूळ रचना चालत आली, म्हणून वरवर पाहता १९५० ची आणि १९९० ची रायफल सारखीच वाटते. किमतीत मात्र बराच फरक पडतो.

सुरुवातीच्या ३९ए ची फ्रेम केस-हार्डन केलेली असायची, म्हणजे पोलादावर निळ्या-करड्या-तपकिरी छटांचे ढग. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास ते रंग गेले आणि साधं ब्लूइंग म्हणजे निळसर-काळा मुलामा आला. ते रंग मूळचे आणि बऱ्यापैकी शाबूत असतील तर रायफल वेगळ्याच रांगेत बसते. पण हे रंग उन्हाने आणि हाताळणीने फिके होतात, आणि नव्याने चढवूनही मिळतात. म्हणून लिव्हर खाली ओढून, एरवी झाकल्या जाणाऱ्या भागावरचा रंग बघा. तिथे गडद आणि बाहेर फिका असेल तर काळाने आपलं काम केलं आहे. आत-बाहेर एकसारखा झगझगीत असेल तर प्रश्न विचारायला हवेत.

पन्नासच्या दशकात दोन मोठे बदल झाले. नळीतल्या खोल खाचांच्या जागी मायक्रो-ग्रूव्ह म्हणजे बारीक, उथळ आणि संख्येने जास्त खाचा आल्या. आणि सोनेरी चापाची ‘गोल्डन ३९ए’ आली. खोल खाचांची जुनी नळी हवी म्हणून जादा पैसे मोजणारे आजही आहेत. नेमबाजीत मायक्रो-ग्रूव्ह कुठेही कमी पडत नाही, पण बाजार भावनेवरही चालतो आणि भाव काढताना ती भावना धरावीच लागते.

साल काढायची युक्ती सांगतो. १९७३ पासून पुढच्या मार्लिनच्या क्रमांकातले पहिले दोन अंक १०० मधून वजा करा. २३ ने सुरू होत असेल तर १९७७. ९५ ने सुरू होत असेल तर २००५. मात्र त्याआधीच्या काही वर्षांत सालच सरळ लिहीत, म्हणजे ७१ ने सुरू होणारी १९७१ ची, १९२९ ची नव्हे. त्याहून जुन्या क्रमांकांत अक्षरं येतात, त्यासाठी तक्ता लागतो.

ऐंशीच्या दशकात फ्रेमवर आडवं बटण-सेफ्टी आलं. चालवणाऱ्याला त्याचं काही वाटत नाही, पण संग्राहकाला ते खुपतं. अवस्था सारखी असली तरी बटण नसलेल्या रायफलीला मागणी जास्त. त्यानंतरची रेघ म्हणजे मालकी बदल. रेमिंग्टनने मार्लिन घेतली, नॉर्थ हेवनचा कारखाना २०११ मध्ये बंद झाला आणि काम न्यूयॉर्क राज्यातल्या इलियनला गेलं. म्हणून लोक नळीवर फ्रेमजवळचा लंबगोलातला ‘जेएम’ शिक्का, म्हणजे जुन्या कारखान्याची खूण, शोधतात. शोधावाच, पण शिक्का नळीचा असतो आणि क्रमांक फ्रेमचा. दोन्ही एकमेकांशी जुळतात का ते बघितल्याशिवाय ‘जेएम’ च्या नावाने वाढवलेला भाव मान्य करू नका.

आणखी एक खूण: दस्त्याच्या खालच्या कडेला काळा-पांढरा ‘बुल्सआय’ म्हणजे छोटं वर्तुळ. ते नसेल तर दस्ता बदललेला असण्याची शक्यता धरून चाला. पट्ट्याच्या कड्यांचंही तसंच. गोल्डनला ती कारखान्यातूनच येत, त्यामुळे तिच्यावर दिसली तर बहुधा मूळचीच. आधीच्या साध्या ३९ए वर दिसली तर बहुधा कुणीतरी नंतर भोक पाडलेलं आहे. एका भोकाने चालण्यात काही फरक पडत नाही, भावात मात्र ठसठशीत पडतो.

१९२२ च्या मूळ मॉडेल ३९ च्या वाटेला जात असाल तर बोल्ट, म्हणजे काडतुसामागचा सरकता भाग, काढून तडा आहे का ते बघा. सुरुवातीचे बोल्ट हाय-स्पीड काडतुसांसाठी नव्हते. तीसच्या दशकात ते मजबूत झाले आणि क्रमांकाआधी ‘एचएस’ आलं. तडा गेलेला बोल्ट म्हणजे भिंतीवर लावायची वस्तू, त्याच हिशोबाने पैसे द्या.

विंचेस्टर ९४२२: खोका आणि अंगकांती

९४२२ चं आयुष्य आटोपशीर: १९७२ ते २००५. विंचेस्टर ९४ या प्रसिद्ध रायफलीचं रूप .२२ मध्ये उतरवलं आणि कामात कुठे काटकसर केली नाही, म्हणूनच इतक्या थोड्या वर्षांत तिने इतकी माया जमवली. या काळात मूळ रचना फार बदलली नाही, त्यामुळे सालावरून मार्लिनइतका फरक पडत नाही. भाव ठरतो तीन गोष्टींवर: अंगावर किती ब्लूइंग उरलं आहे, प्रकार कोणता, आणि मूळ खोका-कागद आहेत का.

प्रकारांत ९४२२एम म्हणजे .२२ मॅग्नमची. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात आलेली एक्सटीआर जास्त चकचकीत. लॅमिनेट दस्त्याच्या ‘विनटफ’ आणि ‘विनकॅम’. अखेरच्या वर्षांतली .१७ एचएमआर या काडतुसाची. आणि स्मारक आवृत्त्या, उदाहरणार्थ १९८५ मधली अमेरिकन बॉय स्काउट्सच्या पंचाहत्तरीची. स्मारक रायफलीबद्दल माझं मत ठाम आहे: खोका, कागद आणि न झाडलेली अवस्था हे तिन्ही असेल तरच जादा पैसे. एकदा शेतावर डबे फोडायला नेली की ती साध्या ९४२२ च्या आसपास येते, कधी खालीही, कारण नक्षीदार स्मारक रायफल वापरायला सगळ्यांना आवडत नाही.

‘अनफायर्ड’ हा शब्द विक्रेते फार सैल हाताने वापरतात. बोल्टच्या तोंडावर काजळी, काडतूस उचलणाऱ्या भागावर पितळेची पुसट रेघ, हॅमरच्या माथ्यावर बोल्ट घासून पडलेला चमकता पट्टा, हे तिथेच उजेडात धरून बघायचं. कारखान्यातही चाचणीच्या गोळ्या झाडल्या जातात, त्यामुळे किंचित खूण चालते. सगळ्या खुणा ठळक असतील तर तो शब्द भावातून वजा करायचा.

दोन्हींना लागू

हातात घेतली की पहिलं काम: तोंड सुरक्षित दिशेला, लिव्हर उघडून चेंबर (नळीतली काडतूस बसण्याची जागा) रिकामं आहे का बघणं, मग मॅगझिनची आतली नळी बाहेर काढून तीही रिकामी आहे याची खात्री. जुन्या नळीत एखादं काडतूस अडकून राहिलेलं असतं.

मग रिमफायरची, म्हणजे टरफलाच्या कडेवर ठोका बसून झाडल्या जाणाऱ्या या .२२ काडतुसांच्या रायफलींची, खास दुखणी. रिकाम्या चेंबरवर वारंवार चाप ओढला तर फायरिंग पिन चेंबरच्या कडेवर आदळू शकते आणि तिथे बारीक दबका पडतो. नखाने जाणवतो. त्याने रिकामं टरफल अडकतं. .२२ शॉर्टची आखूड काडतुसं वर्षानुवर्षं वापरली असतील तर चेंबरमध्ये पुढे कडं झिजतं आणि ‘लाँग रायफल’ या लांब काडतुसाचं टरफल निघायला कुरकुरतं. दोन्ही दुरुस्त होतात, पण खर्च विक्रेत्याच्या बाजूला लावा.

पुन्हा पॉलिश करून ब्लूइंग केलेली ओळखायला अक्षरं बघा. मूळ अक्षरांच्या कडा धारदार, घासलेल्यांच्या गोलसर. स्क्रूच्या भोकांभोवती बशीसारखा खोलगटपणा दिसला की संशय पक्का. लाकूड कारखान्यातून येताना धातूपेक्षा किंचित वर असतं. धातूच्या खाली गेलेलं असेल तर कुणीतरी पॉलिश पेपर मारला आहे. नव्याने ब्लूइंग केलेली देखणी रायफल आणि मूळ ब्लूइंग उडालेली रायफल यांत संग्राहक दुसरीच घेईल, मीही.

आता आकडा

इंटरनेटवर मागितलेले भाव विसरा. तीन हजार डॉलर कुणीही मागू शकतो. गनब्रोकरसारख्या बंदुकांच्या लिलाव-संकेतस्थळावर पूर्ण झालेले लिलाव बघायचे, तेच साल, तोच प्रकार, तीच अवस्था. समजा तीन व्यवहार सापडले: ९००, १,००० आणि खोक्यासकट १,२५०. तुमच्या समोरच्या रायफलीला खोका नाही आणि दस्त्याला जादा भोक आहे. मग १,२५० चा आकडा बाजूला. बोलणी ९०० च्या खालूनच सुरू होतात. मोठ्या लिलावगृहाचे आकडे बघताना त्यात खरेदीदाराचा प्रीमियम धरला आहे का ते तपासा. हातोडा १,००० वर पडला आणि प्रीमियम १८ टक्के असेल तर घेणाऱ्याच्या खिशातून १,१८० गेले. शिवाय कर, पाठवणी आणि परवानाधारक दुकानाची फी. विमा कंपनीला द्यायचा आकडा आणि दुकानदार देईल तो आकडा एकच नसतो. दुकानदाराला पुढे विकायची असते, हे मनात धरूनच त्याच्याकडे जा.

बजेट कमी असेल तर हेन्री एच००१ उत्तम चालते, पण तिची फ्रेम जस्ताच्या मिश्रधातूची आणि ती अजून बनते, त्यामुळे संग्रहमूल्य म्हणून तिच्याकडे बघू नका. जपानच्या मिरोकूने बनवलेली ब्राउनिंग बीएल-२२ कामात सुरेख, लिव्हर जेमतेम ३३ अंश फिरतो. तीही अजून मिळते, म्हणून भाव स्थिर.

एकच घ्यायची असेल, आणि ती चालवायचीही असेल, तर मी पन्नास-साठच्या दशकातली, बटण नसलेली, प्रामाणिकपणे वापरलेली ३९ए घेईन. थोडी झीज असली तरी तिचं साल तिचा भाव धरून ठेवतं, आणि रोज वापरून त्यात फार घट होत नाही. कपाटात जपायची असेल आणि खोक्यासकट स्वच्छ ९४२२ मिळत असेल तर ती घ्या. पण मग ती झाडू नका, कारण तुम्ही त्या न झाडण्याचेच पैसे मोजले आहेत. वापरलेली, खरचटलेली ९४२२ नव्यासारख्या भावात मिळत असेल तर सोडून द्या. दोन्ही हातात धरून बघा हेही सांगतो: ३९ए ची २४ इंची नळी पुढे जड लागते, ९४२२ ची २०.५ इंची आटोपशीर, आणि लहान चणीच्या माणसाला हा फरक भावाइतकाच महत्त्वाचा.

पैसे देण्याआधी कागद. दुसऱ्या राज्यातून मागवली तर ती तुमच्या राज्यातल्या परवानाधारक दुकानामार्फतच यायला हवी. पन्नास वर्षांपेक्षा जुनी आणि मूळ स्वरूपातली रायफल ‘क्युरिओ अँड रेलिक’ म्हणजे संग्राहकांच्या जुन्या शस्त्रांच्या वर्गात मोडते, त्या वर्गाच्या संग्राहक परवान्यावर सरळ घरी येऊ शकते, म्हणजे सुरुवातीच्या ९४२२ आता त्यात बसू लागल्या आहेत. एच-१बी सारख्या व्हिसावर असाल तर वैध शिकार परवान्यासारखा अपवाद नसताना बंदूक बाळगणं संघीय कायद्यानुसार गुन्हा आहे. ग्रीन कार्डवाल्यांना ही अडचण नाही. न्यू जर्सीत आपली बरीच मंडळी राहतात, तिथे आधी खरेदीदाराचं ओळखपत्र काढावं लागतं. आणि पुढे मायदेशी नेऊ या हिशोबाने घेऊ नका: भारतात .२२ लाही आर्म्स ॲक्टखाली परवाना लागतो, २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका परवानाधारकाला दोनच शस्त्रं ठेवता येतात आणि आयातीवर कडक बंधनं आहेत.