क्योतोच्या उन्हात भाड्याचा युकाता: एका दुकानाचा अनुभव

जुलैच्या मध्यावर क्योतोमध्ये युकाता, म्हणजे किमोनोसारखा जपानी उन्हाळी पोशाख, भाड्याने घेऊन छायाचित्रे काढून घेण्याचा बेत आम्ही दोघांनी केला, तेव्हा जपानी मित्रमंडळींनी एकच प्रश्न विचारला होता: ‘दिवसा?’ त्या प्रश्नाचा अर्थ दुकानातून बाहेर पडल्यावर पाचच मिनिटांत कळला. क्योतो तीन बाजूंनी डोंगरांनी वेढलेल्या खोलगट भूभागात वसलेले असल्यामुळे उन्हाळ्यात तेथील दमट हवा हलत नाही आणि पारा पस्तिशीपार जाणे मुळीच नवलाचे नसते. कियोमिझु मंदिराच्या चढाजवळ असलेल्या या दुकानाचे नाव मी येथे देत नाही, कारण त्याच परिसरात अशी सेवा देणारी दुकाने डझनांनी आहेत आणि पुढील गुणदोष त्यांपैकी बऱ्याच जणांना थोडेफार लागू पडावेत.

दुकानात युकाताचे दोन दर होते. पॉलिएस्टरच्या छापील युकाताला ३,३०० येन आणि सुतीला ५,५०० येन. दोन्हींत ओबी (रुंद कमरपट्टा), गेता (लाकडी चपला) आणि हातपिशवी धरलेली. माझ्या पतींनी पहिला घेतला व मी दुसरा, त्यामुळे तुलना आपोआपच झाली. युकाता हा मुळात स्नानाशी जोडलेला, बिनअस्तरी, घाम टिपणारा पोशाख. तो पॉलिएस्टरचा शिवला की त्याचे आकार आणि नक्षी राहते, मात्र त्याचे मुख्य काम संपते. अकरा वाजेपर्यंत पतींच्या पाठीला कापड चिकटले होते, तर माझ्या कापडातून घाम निथळत असला तरी निदान वारा लागत होता. त्यातच स्त्रियांच्या युकाताला काखेखाली शिवण उघडी ठेवलेली असते, पुरुषांच्या युकाताला ती बंद असते. हा अन्याय पतींना त्या दिवशी प्रथमच ठाऊक झाला.

माझा युकाता ‘चूसेन’ पद्धतीने रंगवलेला होता. या पद्धतीत घड्या घातलेल्या कापडावर रंग ओतून तो आरपार खेचला जातो, म्हणून नक्षी दोन्ही बाजूंना सारखीच उमटते. छायाचित्रांत हा फरक किती पडतो, याची मला आधी कल्पना नव्हती. हात वर केला आणि बाही उलटली, तर माझ्या बाहीच्या आतही तीच गडद निळी वेल दिसते. पतींच्या बाहीच्या आत मात्र फिकट, कोरी बाजू दिसते आणि ती चित्रात ठिगळासारखी डोळ्यांत येते. केवळ याच कारणासाठी २,२०० येन जास्त मोजावेत, असे मी निःसंकोच सुचवीन.

नेसवणाऱ्या बाईंबद्दल मात्र कौतुकाखेरीज काही लिहिता येणार नाही. त्यांनी प्रथम माझ्या कमरेभोवती एक पातळ टॉवेल गुंडाळला, कारण या पोशाखाला कमरेचा बाक नको असतो, सरळ नळकांड्यासारखी बांधणी हवी असते. मग उजवा पदर आत आणि डावा वर घेऊन, लांबी कोशिहिमो नावाच्या नाडीने अडवून, जादा कापडाची ‘ओहाशोरी’ ही कमरेवरची घडी बोटांनी सपाट केली. उलट बाजूने, म्हणजे उजवा पदर वर घेऊन, जपानमध्ये मृत व्यक्तीला नेसवतात. आरशातल्या प्रतिमेवर विसंबून स्वतः नेसणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे, शिवाय सेल्फी उलटी साठवणारा फोनही याच बाबतीत फसवतो. मानेमागे कॉलर मुठीएवढी सैल सोडली होती, ती दिसायला सुंदर आणि उन्हाळ्यात उपयोगाचीही. हे सर्व पंधरा मिनिटांत झाले आणि रात्रीपर्यंत एकही गाठ सुटली नाही. ओबीच्या आत, समोरच्या भागात, सुरकुत्या पडू नयेत म्हणून घालतात ती पट्टी तेवढी सलग प्लॅस्टिकची होती. जाळीदार पट्टी मिळते, उन्हाळ्यात दुकानाने तीच ठेवायला हवी. माझ्या पोटावर दुपारपर्यंत घामोळे उठले.

गेतांविषयी थोडक्यात: लाकूड तळव्याला थंड लागते, परंतु हानाओ म्हणजे अंगठ्याजवळचा पट्टा नवा असेल तर सोलतो. चिकटपट्टी आधीच लावून जावे. नऊवारीतल्यासारखी लांब टांग येथे टाकता येत नाही, त्यामुळे मंदिराजवळच्या सान्नेनझाका या चढत्या गल्लीच्या पायऱ्यांसाठी वेळ दुप्पट धरावा.

खरी तक्रार आहे ती वेळापत्रकाची. दुकान नऊला उघडते आणि कपडे साडेपाचपर्यंत परत करावे लागतात. छायाचित्रकाराची १६,५०० येनांची तासाभराची फेरीही दहा वाजता ठरवून मिळाली. जुलैत क्योतोचा सूर्य पाचच्या आधी उगवतो आणि सातनंतर मावळतो, म्हणजे जो उजेड चेहऱ्याला मानवतो तो नेमका दुकान बंद असताना पडतो. दहा वाजता ऊन इतके वर आलेले असते की डोळ्यांखाली काळ्या खाचा पडतात आणि पांढरी नक्षी जळून सपाट होते. आमचा छायाचित्रकार जाणता असल्यामुळे त्याने यासाकाच्या ४६ मीटर उंच पॅगोड्यासमोरची ठरलेली दोन चित्रे झटपट उरकली आणि आम्हाला भिंतीलगतच्या सावलीत नेले. तेथे फिकट दगडी फरशीवरून परतणारा मऊ प्रकाश चेहऱ्यावर आला आणि निळ्या कापडाचा पोतही टिकला. गिओन या गेइशांच्या जुन्या वस्तीतल्या खासगी गल्ल्यांत तो गेला नाही, हेही योग्यच. तेथे परवानगीविना छायाचित्रण केल्यास १०,००० येन मागणारे फलक २०१९ पासून लागले आहेत आणि २०२४ मध्ये त्यांपैकी काही गल्ल्या पर्यटकांना बंदच झाल्या. एक सूचना त्याने फार कामाची दिली: वातानुकूलित खोलीतून कॅमेरा एकदम बाहेर काढला तर भिंगावर बाष्प धरते, म्हणून तो निघण्यापूर्वीच पिशवीत बंद करावा आणि बाहेर आल्यावर काही वेळ तसाच ठेवून हळूहळू बाहेरच्या हवेला सरावू द्यावा.

दुसऱ्या दिवशी सकाळी कपडे परत करण्याची सोय १,१०० येन जादा देऊन मिळते. फलकावर ती बारीक अक्षरांत होती आणि कोणी आपणहून सांगितली नाही. आम्ही ती घेतली, कारण तारीख १५ जुलै होती. त्या संध्याकाळी सहापासून शिजो रस्ता वाहनांना बंद होतो, गिओन उत्सवाच्या उंच रथांवर कंदिलांच्या उतरंडी पेटतात आणि निम्मी गर्दी युकातात असते. दुपारभर खोलीत पडून, सुरकुत्या तळव्याने झटकून आम्ही बाहेर पडलो, तेव्हा तोच पोशाख अंगावर वेगळाच वाटला. पिवळ्या कंदिलांच्या उजेडात गडद निळा रंग उठून दिसतो, घाम दिसत नाही, आणि सकाळी ज्या कपड्यात मी पाहुणी वाटत होते त्यात रात्री कोणी माझ्याकडे वळूनही पाहिले नाही. पुन्हा गेल्यास मी सकाळची फेरी घेणार नाही. दुपारी तीननंतर नेसवून घेऊन, परतीची मुदत दुसऱ्या दिवसापर्यंत वाढवून, छायाचित्रकाराला सहाला बोलावीन.

चित्रे आठवड्याने मिळाली. त्यांवर सध्याच्या आवडीचा कसलासा फिल्टर चढवल्याने माझा निळा युकाता हिरवट आला होता. कळवल्यावर चार दिवसांत, जादा पैसे न मागता, मूळ रंगांची प्रत पाठवली गेली. तीत निळा निळाच आहे, आणि फिल्टरने झाकलेला पतींच्या पाठीवरचा ओला डागही आता स्पष्ट दिसतो.