‘अलार्म-सेफ’ हेझ मशीन आणि माझे ८६,५३८ रुपये

‘आमच्या हेझ मशीनने फायर अलार्म वाजत नाही, लेखी देतो’ असे सांगणाऱ्या भिवंडीच्या एका विक्रेत्याला मी ५५,५३८ रुपये दिले आणि त्यापायी आणखी ३१,००० रुपये घालवून बसलो. हेझ मशीन म्हणजे प्रकाशाचे झोत दिसावेत म्हणून हवेत विरळ धुके सोडणारे यंत्र. लहान सभागृहांत प्रयोग करणाऱ्या मंडळींपर्यंत हीच जाहिरात आजही पोहोचते आहे, म्हणून लाज बाजूला ठेवून लिहितो आहे.

मी पुण्यात प्रायोगिक नाटकांची प्रकाशयोजना करतो. आमची सभागृहे शंभर-सव्वाशे खुर्च्यांची, छत जेमतेम बारा फुटांवर आणि त्याच छताला एका ओळीत स्मोक डिटेक्टर. नव्या नाटकात प्रकाशाचे झोत हवेत दिसणे संहितेची गरज होती. ती हौस नव्हती. चांगले हेझ मशीन भाड्याने घेतले तर प्रयोगाला ४,५०० रुपये पडतात, पुढे दौऱ्याचे प्रयोग ठरलेले होते, तेव्हा यंत्र विकतच घ्यावे हा हिशेब कोणत्याही शहाण्या माणसाने केला असता. बिल असे होते: यंत्र ३८,५००, त्यावर १८ टक्के जीएसटी ६,९३०, हेझ तयार करणाऱ्या द्रवाचे पाच लिटरचे दोन कॅन ५,६००, त्यावर जीएसटी १,००८, आणि ‘अलार्म-सेफ प्रमाणपत्र’ ३,५००. या शेवटच्या रकमेवर कर लावलेला नव्हता. कागदाच्या तुकड्यावर कर कोण लावणार!

आता त्या व्हिडिओविषयी, कारण माझा सगळा संताप तिथेच जाऊन अडतो. विक्रेत्याने पाठवलेल्या व्हिडिओत एक लहान सभागृह आहे, हेझ पसरलेला आहे, निळे झोत सुरेख दिसत आहेत. मग कॅमेरा वर छताकडे जातो आणि मागून आवाज येतो, ‘बघा साहेब, डिटेक्टर इथेच आहे. वाजला का?’ डिटेक्टर खरोखर तिथेच होता, आणि त्याच्यावर केशरी रंगाची प्लॅस्टिकची टोपी होती. नवा डिटेक्टर बसवताना धूळ आणि रंगाचे शिंतोडे आत जाऊ नयेत म्हणून कंपनीच अशी टोपी देते आणि यंत्रणा चालू करताना ती काढायची असते. टोपी असेपर्यंत आत धूर शिरतच नाही. खाली शेकोटी पेटवली तरी तो डिटेक्टर ढिम्म राहील. वर्षानुवर्षे शिडीवर चढून मी याच छतांना दिवे टांगत आलो आहे, ती केशरी टोपी मला पडद्यावर स्पष्ट दिसली होती, आणि डिटेक्टरचा असाही एखादा नमुना असेल असे समजून मी पुढे गेलो. डिटेक्टरवरचा लहान लाल दिवा लुकलुकत नव्हता, तेही पाहिले होते. मात्र कॅमेरा तिथे जेमतेम क्षणभर थांबतो, आणि आमच्या चमूतल्या विद्युत अभियंत्यानेही तोच व्हिडिओ पाहून मान डोलावली होती, हेही नोंदवून ठेवतो.

विक्रेत्याचा दावा असा होता की त्यांच्या हेझचे कण इतके सूक्ष्म असतात की डिटेक्टरला ते दिसत नाहीत. सभागृहांत सहसा असणाऱ्या ऑप्टिकल डिटेक्टरच्या आत एक अंधारी पोकळी असते, तिच्यात एक प्रकाशकिरण सोडलेला असतो आणि प्रकाश ओळखणारा घटक त्या किरणाच्या वाटेपासून बाजूला बसवलेला असतो. पोकळीत कण शिरले की प्रकाश त्यांच्यावरून विखुरतो, तो त्या घटकावर पडतो आणि अलार्म वाजतो. रंगमंचावर झोत दिसतो तोही नेमका याच कारणाने. म्हणजे जो हेझ प्रकाश विखुरणारच नाही तो प्रेक्षकांनाही दिसणार नाही, आणि जो दिसेल तो डिटेक्टरलाही दिसू शकेल. हेझ विरळ ठेवला तर तो अलार्मच्या मर्यादेखाली राहू शकतो, पण ते छताची उंची, एसीचा झोत आणि डिटेक्टरची संवेदनशीलता यांवर ठरते. भिवंडीत बसून कोणी त्याची हमी देऊ शकत नाही. पाण्यावर आधारित द्रव, तेलावर आधारित द्रव, या शब्दांना तर मुळीच भुलू नका. तेलाचा हेझ उलट हवेत अधिक काळ तरंगत राहतो.

शिवाय जे आले ते हेझ मशीनही नव्हते. कुरियर मुद्दाम रखडवून खोके प्रयोगाच्या आदल्या संध्याकाळी पोहोचवण्यात आले. आमची तालमीची जागा पत्र्याच्या शेडमध्ये आहे, तिथे डिटेक्टर कुठला असणार? यंत्र तापायला काही मिनिटे घेत होते आणि मग एकदम दाट धुराचा लोट फेकत होते. हे काम फॉगरचे. खरे हेझ मशीन बारीक तुषार संथपणे, अखंड सोडत राहते. फोन केला तर उत्तर मिळाले, ‘पाइपमध्ये हवा आहे साहेब, दहा मिनिटांत सेट होईल.’ पुढे मागच्या बाजूचे चकचकीत स्टिकर नखाने खरवडले तेव्हा त्याखाली ‘५०० वॅट फॉग मशीन’ असा छापील मजकूर निघाला. असला फॉगर बाजारात तीन-चार हजारांत मिळतो. खोके उघडतानाचे चित्रण करून ठेवा, आणि स्टिकरवर स्टिकर दिसला तर पैसे चुकते करण्यापूर्वी तो उचकटून पाहा.

दुसऱ्या दिवशी तिसरी घंटा झाली, पडदा उघडला आणि पहिला प्रवेश संपण्याच्या आत हूटर सुरू झाला. एसी बंद पडला, दरवाजे उघडले, ८४ प्रेक्षक खाली पार्किंगमध्ये जाऊन उभे राहिले. अलार्मचे पॅनल रीसेट करण्याचा अधिकार असलेला तंत्रज्ञ जागेवर नव्हता, त्यामुळे प्रयोग रद्द झाला. प्रत्येकी २५० रुपयांप्रमाणे २१,००० परत केले. सभागृहाने १०,००० रुपयांची अनामत जप्त केली, आणि कारण लिहिले ‘दिशाभूल करणारे प्रमाणपत्र सादर केल्याबद्दल’. तेच प्रमाणपत्र सकाळी व्यवस्थापकांनी माझ्यासमोर वाचले होते आणि ‘मग झोन बंद करायची गरज नाही’ असे तेच म्हणाले होते! (झोन म्हणजे पॅनलला एकत्र जोडलेला, सभागृहाच्या एका भागातल्या डिटेक्टरांचा गट.)

योग्य पद्धत अशी आहे: सभागृहाला आधी लेखी कळवायचे, त्यांच्या अधिकृत माणसाकडून रंगमंचाचा तेवढाच झोन प्रयोगापुरता पॅनलवर आयसोलेट, म्हणजे तात्पुरता बंद, करून घ्यायचा, तेवढा वेळ हातात अग्निशामक घेऊन एक माणूस केवळ नजर ठेवायला उभा करायचा, आणि प्रयोग संपताच झोन पुन्हा चालू झाल्याची नोंद घ्यायची. रंगमंचावर स्मोकऐवजी उष्णतेवर चालणारे हीट डिटेक्टर असतील तर हेझने ते वाजत नाहीत, म्हणून बुकिंग करतानाच डिटेक्टरचा प्रकार विचारा. डिटेक्टरवर हातमोजा किंवा पिशवी चढवण्याचा सल्ला देणारे आपल्या क्षेत्रात पुष्कळ आहेत. खरी आग लागली तर त्या ८४ माणसांचे काय, हे त्यांना विचारावे.

यानंतरची कथा अधिक संतापजनक आहे. पोलीस चौकीत सांगितले गेले की माल मिळालेला आहे, तेव्हा ही दिवाणी बाब आहे. मी भारतीय न्याय संहितेचे फसवणुकीविषयीचे कलम ३१८ दाखवले, तर विक्रेता भिवंडीचा म्हणून तिकडे जा असे सुचवले गेले. हद्द कोणतीही असली तरी तक्रार नोंदवता येते, ही तरतूद नव्या कायद्यात स्पष्ट असतानाही. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर सांगितले, पैसे तुम्ही स्वतःच्या हाताने पाठवलेत. बँक म्हणाली, खाते गोठवायला पोलिसांचे पत्र आणा. पोलीस म्हणाले, पत्र गुन्हा नोंदल्यावर मिळेल. अग्निशमन विभागात एका साहेबांनी प्रमाणपत्र उलटसुलट करून पाहिले, असे प्रमाणपत्र आमच्याकडून दिले जातच नाही असे सांगितले, आणि आमचे नाव न घेता कोणी असा कागद छापला तर ते आमच्या अखत्यारीत येत नाही असेही सांगितले. २००६ च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक कायद्याखाली इमारतीतील यंत्रणेचे प्रमाणपत्र दर जानेवारी आणि जुलैमध्ये द्यावे लागते. सुट्या यंत्राला ‘अलार्म-सेफ’ ठरवणारा कागद त्यात कुठेच नाही. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनने तक्रार नोंदवली, विक्रेत्याने उत्तर दिले नाही, आणि तक्रार ‘निकाली’ निघाली. कोणाच्या बाजूने निकाली निघाली, ते विचारण्याची सोय तिथे नाही.

जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही आणि आपण राहतो तिथेच दावा करता येतो, म्हणून तो मी केला आहे. त्यावर यंत्र ‘व्यावसायिक वापरासाठी’ घेतले, सबब तुम्ही ग्राहक नाही, असा आक्षेप आला. स्वयंरोजगारातून उपजीविका करणाऱ्याला कायद्याने यातून वगळले आहे, ते मी लेखी मांडले आहे. प्रायोगिक नाटकाच्या दिव्यांवर कोणी गबर झाल्याचे आयोगाला ठाऊक असेल तर मलाही ते नाव कळावे.

बिलावर पत्ता भिवंडीचा आणि जीएसटी क्रमांकाची सुरुवात ०७ ने होती. ०७ म्हणजे दिल्ली. महाराष्ट्राचा क्रमांक २७ ने सुरू होतो. जीएसटीच्या संकेतस्थळावर तो टाकल्यावर भलत्याच नावाची कापडाची पेढी निघाली. बँक खातेही पेढीच्या नावावर नव्हते, एका व्यक्तीच्या नावावर होते. पैसे पाठवण्यापूर्वी या दोन गोष्टी तपासायला पाच मिनिटे पुरतात. त्या विक्रेत्याने आता पेढीचे नाव बदलले आहे, व्हिडिओ तोच ठेवला आहे आणि यंत्राची किंमत ४१,००० केली आहे.