पाच हजारांची सूट की बिनसुटीचं कोटेशन? बडोद्यात बाईक घेताना

भाच्याला १२५ सीसीची बाईक घ्यायची होती. दांडियाबाजारात घर, मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) नोकरी. एका शनिवारी तो दोन शोरूमची कोटेशनं घेऊन आला. "मामा, घराजवळचे पाच हजार सोडतायत. विश्वामित्री नदीपलीकडचे एक रुपया कमी करत नाहीत. मग इथेच घेऊ ना?"

आम्ही दोन्ही कागद शेजारी-शेजारी ठेवून एकेक ओळ वाचली. एक्स-शोरूम, म्हणजे कर-नोंदणी-विमा धरण्याआधीचा भाव, दोन्हीकडे ९०,०००. तो भाव कंपनी ठरवते, तिथे घासाघीस करून फारसं काही हाती लागत नाही. गुजरातमध्ये दुचाकीचा कर ६ टक्के, म्हणजे ५,४००. नोंदणी आणि स्मार्ट कार्डाचे ५००. इथपर्यंत दोन्ही कागद सारखे.

फरक खाली होता. घराजवळच्या कागदावर विमा ९,२००, 'हँडलिंग' १,८००, अॅक्सेसरी किट ४,५०० आणि तळाशी लाल पेनने वजा ५,०००. बेरीज १,०६,४००. पलीकडच्या कागदावर हँडलिंगची ओळच नाही, लेगगार्ड आणि सीट कव्हरचे १,२००, विमा तुमचा तुम्ही आणा. ओळखीच्या एजंटाने तो ६,९०० ला दिला. बेरीज १,०४,०००. सूट न देणारा २,४०० रुपयांनी स्वस्त निघाला.

विम्याची ओळ नीट उघडून बघा, सगळ्यात जास्त पैसे तिथे जातात. नव्या दुचाकीला थर्ड पार्टी विमा (आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरपाई देणारा) पाच वर्षांचा एकदम घ्यावा लागतो. जून २०२२ पासूनच्या दरपत्रकात ७५ ते १५० सीसीसाठी तो ३,८५१ आहे, १८ टक्के जीएसटी धरून ४,५४४. कुठल्याही कंपनीकडे गेलात तरी हा आकडा तोच. म्हणजे स्वतःच्या गाडीच्या एका वर्षाच्या विम्यासाठी आणि बाकी जोडण्यांसाठी शोरूम ४,६५६ मागत होतं आणि एजंट २,३५६. आयडीव्ही (विम्यात धरलेली गाडीची किंमत) तीच, झिरो डेप (भरपाईत सुट्या भागांचा घसारा न कापणं) दोन्हीकडे, आणि पैसे जवळजवळ दुप्पट! विमा कुठून घ्यायचा हे ग्राहकाने ठरवायचं असतं. शिवाय तुमच्याकडे आधीच १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा असेल तर तो इथे पुन्हा घ्यावा लागत नाही, तेवढे पैसेही वाचतात.

हँडलिंग नावाचं कोणतंही सरकारी शुल्क नाही. ती ओळ काढायला सांगा आणि ठाम राहा. आयएसआय हेल्मेट गाडीबरोबर देणं नियमातच आहे. मागच्या माणसासाठी धरायची कडी, पायदाण आणि मागच्या चाकाची जाळी यांचंही तेच. यातलं काही 'किट'मध्ये घालून विकत असतील तर तिथेच बोट ठेवा.

पाच हजारांच्या सुटीला एक अटही होती: कर्ज त्यांच्याच फायनान्सचं घ्यायचं. ६०,००० रुपये, तीन वर्षं, '१० टक्के फ्लॅट'. फ्लॅट म्हणजे तुम्ही मुद्दल फेडत गेलात तरी व्याज शेवटपर्यंत पूर्ण ६०,००० वर. व्याज १८,०००, हप्ता २,१६७. तेच कर्ज बँकेकडून ११ टक्के घटत्या शिल्लकीवर, म्हणजे उरलेल्या मुद्दलावरच व्याज देऊन, घेतलं तर हप्ता १,९६४ आणि व्याज १०,७०० च्या आसपास. ऐकायला दहा अकरापेक्षा कमी वाटतं, पण दहा फ्लॅट म्हणजे घटत्या हिशोबाने जवळजवळ अठरा टक्के. पाच हजार मिळवायला सात हजारांहून जास्त जाणार होते. कर्ज काढणाऱ्याने ही सूट घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

भाच्याकडे रोख होती, म्हणून आम्ही पलीकडचा कागद घेऊन घराजवळ गेलो. सर्व्हिसिंगला गाडी पायी जाऊन सोडता येईल, त्यासाठी तिथेच जमलं तर हवं होतं. सेल्समन म्हणाला, "काका, आमां तो अमने कंई बचतुं नथी." मी म्हटलं, सूट हवी तेवढी ठेवा, पण हँडलिंग काढा, विमा आमचा, किट नको, फक्त लेगगार्ड आणि सीट कव्हर. तो आत जाऊन मॅनेजरशी बोलून आला. फायनान्स नाही म्हणून सूट दोन हजारांवर आली, बाकी सगळं मान्य. हाती आलेली बेरीज १,०२,०००.

तुमच्या घराजवळचे हँडलिंग काढायलाच तयार नसतील तर पलीकडे जा. वर्षातून दोन-तीन सर्व्हिसिंगसाठी एवढी जादा रक्कम देऊ नये.

वेळेचाही प्रश्न येतो. दसरा-धनत्रयोदशीला दुकान भरलेलं असतं, तुमचं ऐकायला कोणी मोकळं नसतं. मुहूर्त साधायचा असेल तर बोलणी पितृपंधरवड्यात करा. तेव्हा लोक खरेदी टाळतात, सेल्समन तासभर बसून बोलतो. मात्र बुकिंगच्या पावतीमागची छापील अट वाचा. बहुतेक ठिकाणी डिलिव्हरीच्या दिवशीचा भाव लागू होतो. ठरलेली बेरीज, एकेका ओळीसकट, पावतीवर लिहून सही-शिक्का घ्या.

डिसेंबरअखेर सूट जास्त सुटते, पण आरसी बुकात बांधणीचा महिना आणि वर्ष नोंदलेलं असतं. जानेवारीत नंबर मिळालेली गाडी मागच्या डिसेंबरची असेल तर विकताना वर्षाने जुनी धरतात. सहा-सात वर्षं स्वतःच वापरणार असाल तर खुशाल घ्या. दोन-तीन वर्षांत बदलणार असाल तर सूट तेवढी भरघोस हवी. पैसे भरण्याआधी गोडाऊनमधली तुमचीच गाडी दाखवायला सांगा आणि चॅसिसचा नंबर मोबाईलमध्ये टिपून ठेवा. भाच्याने टिपला होता. बिलावर एक आकडा चुकला होता, तो तिथल्या तिथे दुरुस्त करून मिळाला.