सात रस्त्याजवळचे बाल-मूल्यमापन केंद्र: एका पालकाचा अनुभव

आम्ही पद्मशाली असल्यामुळे घरात तेलुगू बोलतो आणि माझा आठ वर्षांचा मुलगा मराठी माध्यमात तिसरीत शिकतो. धडा तो न अडखळता वाचतो, पण ‘वही काढ, तारीख लिही, मग दुसरा प्रश्न सोडव’ असे बाईंनी सांगितले की तारखेपाशीच थांबतो. ‘लक्ष नसते’ हा शेरा दोन वर्षे ऐकल्यानंतर आम्ही सोलापुरातील सात रस्त्याजवळील एका केंद्रात त्याची तपासणी करून घेतली.

तेथील मानसशास्त्रज्ञ बाईंनी नुसता बुद्ध्यांक हातात न देता मूल माहिती कशी हाताळते हे पाहिले, ही या केंद्राची सर्वांत मोठी जमेची बाजू. ही तपासणी ज्या चौकटीवर बेतलेली होती ती अशी: मूळचे ओडिशाचे असलेले मानसशास्त्रज्ञ जगन्नाथ प्रसाद दास यांनी रशियन मेंदूतज्ज्ञ लुरिया यांच्या कार्याच्या आधारे नियोजन, अवधान, सहकालिक आणि क्रमिक प्रक्रिया अशी चौकट मांडली. त्यांनी अमेरिकी मानसशास्त्रज्ञ नॅग्लिएरी यांच्यासह तयार केलेली चाचणी १९९७ मध्ये प्रसिद्ध झाली. ऐकलेले शब्द त्याच क्रमाने म्हणणे हे क्रमिक काम, तर ‘वडिलांचा भाऊ’ आणि ‘भावाचे वडील’ यांतील फरक ओळखणे हे सहकालिक, कारण तेथे सारी नाती एकाच वेळी मनात जुळवावी लागतात. मुलाने नात्यांचे प्रश्न झटकन सोडवले, मात्र शब्दमालिकेत तिसऱ्या शब्दानंतर त्याचा क्रम सुटला. ज्याला हट्टीपणा समजून मी रागावत होते, ते सूचना क्रमाने धरून ठेवता न येणे होते. घरी आल्यावर मी त्याची माफी मागितली.

एक त्रुटी मात्र गंभीर आहे. पहिल्या बैठकीत घरची भाषा कोणीही विचारली नाही. ‘मांजराला कुत्र्याने पाहिले’ या वाक्यात कोणी कोणाला पाहिले, याचे उत्तर त्याने उलटे दिले आणि तीही क्रमिक प्रक्रियेतील उणीव धरली गेली. वास्तविक मराठीत अशा भूतकाळी वाक्यात कर्त्याला ‘ने’ लागतो, तेलुगूत कर्त्याला असा प्रत्यय लागत नाही. मी हे निदर्शनास आणल्यावर दुसरी बैठक तेलुगू जाणणाऱ्या सहायिकेच्या मदतीने झाली. वाक्यांची उत्तरे बरोबर आली, शब्दमालिकेची अडचण तशीच राहिली. तेलुगू, कन्नड, उर्दू बोलणारी इतकी घरे असलेल्या सोलापुरात हा प्रश्न पहिल्याच अर्जावर असायला हवा.

दोन्ही बैठकांचे मिळून २,५०० रुपये झाले. अहवाल इंग्रजीत होता, मराठी प्रत मागितल्यावर आठ दिवसांनी मिळाली. ती वाचून शाळेतील बाई आता एका वेळी दोनच सूचना देतात, आणि त्याच्या बाकावर त्यांनी वही, तारीख व प्रश्न अशा तीन चित्रांची पट्टी चिकटवली आहे.