लंडनहून एक दिवस: कॉट्सवोल्ड्स की सेव्हन सिस्टर्स?

भारतातून आई-बाबा आलेत, हाताशी एक शनिवार आहे आणि गाडी नाही. लंडनबाहेरचं हिरवं इंग्लंड दाखवायचं म्हटलं की बोलणं बहुधा दोन नावांवर येऊन थांबतं: पश्चिमेकडचा जुन्या गावांचा टेकड्यांचा पट्टा कॉट्सवोल्ड्स, आणि दक्षिणेला ससेक्सच्या किनाऱ्यावरचे पांढऱ्या खडूचे कडे, सेव्हन सिस्टर्स. दोन्हीकडे जाऊन आल्यावर माझा कल ससेक्सच्या किनाऱ्याकडे आहे, आणि त्याचं मुख्य कारण बस.

रेल्वेचा वेळ जवळपास सारखाच. लंडनच्या पॅडिंग्टन स्टेशनहून कॉट्सवोल्ड्समधल्या मोरटन-इन-मार्शला पावणेदोन तासांच्या आत पोचता येतं, व्हिक्टोरिया स्टेशनहून कड्यांजवळच्या ईस्टबोर्नला साधारण दीड तासात. दोन्हीकडे ऑयस्टर, म्हणजे लंडनचं प्रवासाचं कार्ड, चालत नाही. सवयीने कार्ड टेकवून आत गेलात, तर दंड भरायची वेळ येऊ शकते. तिकीट आधीच काढा. नेटवर्क रेलकार्ड (रेल्वेचं सवलतीचं कार्ड) असेल तर चार प्रौढांपर्यंत एक तृतीयांश सूट मिळते.

कॉट्सवोल्ड्सची गंमत गावांत आहे. मधाच्या रंगाच्या दगडाची घरं, बोर्टन-ऑन-द-वॉटरमध्ये विंडरश नदीवरचे ठेंगणे पूल, तिथून अर्ध्या-पाऊण तासाच्या सपाट पायवाटेवर लोअर स्लॉटर आणि जरा पुढे अपर स्लॉटर. (नावातल्या ‘स्लॉटर’चा कत्तलीशी संबंध नाही, तो चिखलाच्या जागेसाठीचा जुना शब्द.) आई-बाबांना हे आवडतंच.

पण मोरटनहून बोर्टनला नेणारी 801 नंबरची बस तास-दीड तासाच्या अंतराने येते, रविवारी त्याहून विरळ. पॅडिंग्टनची गाडीही साधारण तासाला एक. म्हणजे बस पाच मिनिटांनी हुकली की पुढची गाडीही जाते आणि संध्याकाळचे दोन तास स्टॉपवर जातात. टॅक्सी आधी सांगून ठेवली नसेल तर ऐनवेळी मिळेलच असं नाही. त्यामुळे लोअर स्लॉटरच्या जुन्या गिरणीपाशी चहा घेतानाही मनात परतीचं गणित चालू असतं. गावं कितीही सुंदर असली तरी अख्खा दिवस घड्याळाला बांधलेला जातो, आणि मला तेच खुपतं.

सेव्हन सिस्टर्सकडे हा ताण बराच कमी आहे. ब्रायटन-सीफर्ड-ईस्टबोर्न मार्गावर 12 नंबरच्या बस दिवसभर सतत धावतात, एकेरी भाडं सध्या जास्तीत जास्त 3 पौंड. युक्ती अशी: तिकीट ईस्टबोर्नचं परतीसह काढा, स्टेशनवरून बसने ककमिअर नदीकाठच्या एक्सीटला जा आणि कड्यांवरून ईस्टबोर्नकडे चालत या. अंतर सुमारे 13 किलोमीटर, चढउतारांसह पाच तास धरा. इथला वारा बहुतेकदा नैर्ऋत्येचा असतो, त्यामुळे या दिशेने तो पाठीशी राहतो आणि दुपारनंतर ऊनही तोंडावर येत नाही. उलट दिशेने निघालेल्यांचे हाल बघवत नाहीत. दमलात तर अर्ध्या वाटेवर बर्लिंग गॅपला कॅफे आणि स्वच्छतागृह आहे. त्याआधी मात्र पाणी नाही आणि सावलीही नाही, म्हणून माणशी दीड लिटर पाणी आणि दशम्या-चटणी बरोबर असू द्या.

सातही कडे एका नजरेत बघायचे तर ते ककमिअर नदीच्या पश्चिमेकडून, सीफर्ड हेडच्या बाजूने. सीफर्डपासून चालणार असाल तर लक्षात ठेवा, नदीच्या मुखाशी पूल नाही. तो एक्सीटला, दोनेक किलोमीटर आत आहे. समोर कडे दिसताहेत म्हणून ओहोटीत नदी पार करायच्या फंदात पडू नका.

खडूचा कडा खालून पोखरलेला असतो आणि वरून ते कळत नाही. गवत अगदी काठापर्यंत हिरवंगार दिसतं, त्याखाली कधी नुसती हवा असते. काठापासून निदान पाच मीटर लांब राहा. कड्याखाली डबा उघडून बसू नका, दरड न सांगता कोसळते. पावसानंतर ओला खडू बुटांच्या तळव्यांना थापला जातो आणि उतारावर पाय घसरतो, तेव्हा चांगल्या खाचांचे बूट हवेत.

गुडघे दुखत असतील तर कदाचित कॉट्सवोल्ड्सच बरं, असं मी म्हटलं असतं. पण एक्सीटपासून समुद्रापर्यंतची दोनेक किलोमीटरची वाट सपाट आहे. नागमोडी नदी, चरणाऱ्या मेंढ्या आणि शेवटी पांढरा कडा, एवढं आई-बाबांना हळूहळू चालत बघता येतं, आणि परतताना बससाठी धावावं लागत नाही. गावांचीच हौस असेल, तर कॉट्सवोल्ड्सला एक मुक्काम ठेवून जा.

डिसेंबरात चारच्या आधी सूर्य मावळतो, तेव्हा हिवाळ्यात पूर्ण वाट चालायची तर एक्सीटहून दहाच्या आत निघा. शनिवार-रविवारी रुळांची कामं काढलेली असतात. आदल्या रात्री गाड्या तपासा. ईस्टबोर्नची गाडी बंद असेल तर ब्रायटनपर्यंत रेल्वे आणि पुढे तीच 12 नंबरची बस, तासाभरात एक्सीट.