वादळानंतर बेटावर मदत: कंटेनर भरावा की पैसे पाठवावेत?

जून ते नोव्हेंबर हा इकडचा वादळांचा हंगाम. कॅरिबियनमधलं एखादं बेट झोडपलं गेलं की आमच्या मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तोच प्रश्न येतो: सामान गोळा करायचं की पैसे पाठवायचे? मी दोन्ही करून बघितलं आहे. २०१७ च्या मारिया वादळानंतर फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिलहून सामान पाठवलं आणि २०२२ च्या फिओनानंतर पैसे. बेट दोन्ही वेळा तेच, अमेरिकेच्या ताब्यातलं पोर्तो रिको. म्हणून यंदा कुणी ठरवायला बसलं असेल तर माझं मत मांडतो. ते सगळ्यांना पटेलच असं नाही.

आधी जोन्स कायद्याबद्दल, कारण सामानाचा विषय निघाला की पहिल्यांदा त्याचंच नाव निघतं. १९२० चा हा कायदा. अमेरिकेच्या एका बंदरातून दुसऱ्या बंदरात माल न्यायचा तर जहाज अमेरिकेत बांधलेलं, अमेरिकी मालकीचं, अमेरिकी निशाणाचं आणि खलाशीही बहुतांश अमेरिकीच, असा नियम. पोर्तो रिको त्यात येतं. शेजारची अमेरिकी व्हर्जिन बेटं येत नाहीत. मारियाचा तडाखा सेंट क्रॉइ बेटालाही बसला होता, पण तिथे परदेशी जहाजाने माल नेला असता तर कुणाची परवानगी लागली नसती.

याने भाडं किती वाढतं यावर वर्षानुवर्षं वाद आहे. न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेच्या २०१२ च्या अहवालात अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून पोर्तो रिकोच्या राजधानीला, सॅन हुआनला, वीस फुटी कंटेनर न्यायला ३,०६३ डॉलर, तर जवळच्याच पण परदेशातल्या, डॉमिनिकन प्रजासत्ताकातल्या सांतो दोमिंगोला १,५०४ डॉलर असा हिशोब आहे. पुढच्याच वर्षी संसदेच्या हिशेबतपासनीस संस्थेने म्हटलं की हा सगळा फरक कायद्यामुळेच पडतो असं ठामपणे सांगता येत नाही. मला वाटतं, बेटावरच्या माणसाला रोजच्या जगण्यात हा कायदा महाग पडतो. मात्र तुमच्या-आमच्या मदतीच्या खोक्यांचं घोडं त्याच्यापाशी अडत नाही, ते वेगळ्याच ठिकाणी अडतं.

मारिया २० सप्टेंबर २०१७ ला याबुकोआजवळ किनाऱ्यावर आलं. दुसऱ्या दिवशी घटस्थापना होती. आम्ही भोंडल्याच्या कार्यक्रमात सामान गोळा केलं: पाण्याच्या बाटल्या, लंगोट, बॅटऱ्या, सौर दिवे, क्षार-साखरेची पाकिटं. एकाच्या गॅरेजमध्ये पॅलेट, म्हणजे लाकडी फळ्यांवर रचलेले खोक्यांचे गठ्ठे, बांधली. दरम्यान २८ सप्टेंबरला सरकारने जोन्स कायद्यातून दहा दिवसांची सूट जाहीर केली आणि ग्रुपवर आनंदीआनंद झाला. आमच्या पॅलेटला त्या सवलतीचा काडीचा उपयोग नव्हता. जॅक्सनव्हिलहून सॅन हुआनला जहाजं नेहमीसारखी जातच होती, त्यांच्यावर जागाही होती. सूट होती ती परदेशी जहाजांसाठी, आणि ८ ऑक्टोबरला तीही संपली.

या मार्गावरच्या खलाशांबद्दल मला मनापासून आदर आहे. २०१५ मध्ये एल फारो हे चाळीस वर्षांचं जुनं जहाज याच मार्गावर होआकिन वादळात बुडालं आणि त्यावरची ३३ माणसं गेली. मालासाठी ही माणसं जिवावर उदार होतात. माझी तक्रार त्यांच्याबद्दल नाही.

माझी तक्रार कागदावरच्या एका चौकटीबद्दल आहे. सामान कंटेनरमध्ये चढवायचं तर बिल ऑफ लेडिंग, म्हणजे जहाजाने न्यायच्या मालाची पावती, लागते आणि तिच्यावर माल कोण घेणार त्याचं नाव, पत्ता आणि फोन. ऑफिसातल्या एका सहकाऱ्याची बहीण तिथे डोंगराळ भागात शिक्षिका होती, तिचं नाव आम्ही दिलं. काउंटरवरच्या बाईंनी फोनच्या चौकटीवर पेनाचं टोक टेकवलं आणि म्हणाल्या, “इथे उचलला जाईल असा नंबर द्या.” बेटावरचे जवळजवळ सगळे मोबाइल मनोरे बंद होते. सहकारी रोज रात्री तो नंबर लावायचा आणि रोज तीच सूचना ऐकायचा. त्यात मालाची किंमत एका पातळीच्या वर गेली की निर्यातीसारखी घोषणा भरावी लागते, माल देशातल्या देशात जात असला तरी. आणि बंदरातून माल सोडवायला तिथल्या कर खात्याची औपचारिकता वेगळी. एरवी हे सगळं ठीक आहे. पण ज्या घराचं छप्पर उडालंय, त्या घरातल्या बाईने डोंगर उतरून सॅन हुआनला यायचं, ट्रक मिळवायचा, डिझेल मिळवायचं आणि कागद दाखवून आमची खोकी सोडवायची, ही अपेक्षा मला तेव्हाही खटकली आणि आजही खटकते. मदत घेणाऱ्यालाच आपण कामाला लावतो.

आणि हे आमच्या एकट्यांचं नव्हतं. त्या आठवड्यांत सॅन हुआनच्या बंदरात हजारो कंटेनर अडकून पडले होते. जहाजं होती, मालही उतरला होता. पुढे न्यायला ट्रकचालक नव्हते, कारण त्यांचीच घरं पडली होती, रस्ते खचले होते आणि डिझेल मिळत नव्हतं. आमचं सामान सॅन हुआनला उतरल्याचा निरोप लवकर आला. त्या शिक्षिकेच्या हातात पडेपर्यंत दिवाळी उलटून गेली. तोवर गावात पाणी मिळू लागलं होतं. सौर दिवे मात्र कामी आले, कारण वीज यायला अजून कित्येक महिने होते.

पुढे सप्टेंबर २०१८ मध्ये सेइबाच्या जुन्या नौदल तळाच्या धावपट्टीवर पाण्याच्या बाटल्यांच्या पॅलेट तशाच पडून असल्याचे फोटो आले. जानेवारी २०२० मध्ये भूकंपानंतर पोन्सेला एक गोदाम लोकांनी उघडलं, तर आत मदतीचं सामान भरलेलं. हे फोटो बघताना मला आमच्या पॅलेटच आठवल्या. माल समुद्र ओलांडतो आणि शेवटच्या चाळीस मैलांत अडकतो.

तरी सामानाची बाजू मी सोडून देणार नाही. पहिल्या पंधरवड्यात पैशाला तिथे किंमत नसते. मारियानंतर वीज नाही, म्हणून कार्ड चालत नव्हती, एटीएम रिकामी होती. न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेने विमानाने नोटा पाठवल्या होत्या, इतकी वेळ आली होती. अशा वेळी बँकेत जमा झालेली देणगी कुणाची तहान भागवत नाही. शिवाय सौर दिवे, पाणी गाळायचे फिल्टर, इन्सुलिन थंड ठेवायची साधनं या वस्तू तिथल्या दुकानात तेव्हा कितीही पैसे दिले तरी मिळत नाहीत. तुमच्याकडे अशीच नेमकी वस्तू असेल आणि तिथे ट्रकसकट उभी असलेली संस्था घ्यायला तयार असेल, तर कंटेनरचा मार्ग खरोखर चांगला आहे. या दोन अटी एकत्र जुळणं अवघड, एवढंच.

फिओना १८ सप्टेंबर २०२२ ला आलं. सगळं बेट पुन्हा अंधारात गेलं. या वेळी आमच्या काही घरांनी पैसे थेट बेटावरच्या संस्थेला दिले. आदहुंतास गावातली कासा पुएब्लो ही १९८० पासूनची संस्था आहे आणि तिची इमारत १९९९ पासून सौर विजेवर चालते. मारियानंतर तिथे लोक श्वसनाची यंत्रं चालवायला, फोन चार्ज करायला यायचे आणि संस्थेने हजारो सौर दिवे वाटले. अशी संस्था वादळाआधीही तिथेच असते आणि नंतरही. कुठल्या वस्तीतल्या आजींना डायलिसिसला न्यायचंय हे तिला ठाऊक असतं. बिल ऑफ लेडिंगवर कुणाचं नाव टाकायचं हा प्रश्नच तिथे उरत नाही.

यावर एक योग्य आक्षेप येतो: तिथे विकत घेतलेली वस्तूसुद्धा त्याच जोन्स कायद्याच्या जहाजातून आलेली असते, मग भाडं वाचलं कुठे? भाडं वाचत नाही, बरोबर. पण तिथल्या घाऊक व्यापाऱ्याचा जहाज कंपनीशी कायमचा करार असतो, त्याचा स्वतःचा ट्रक असतो, माल सोडवायचे कागद त्याच्या अंगवळणी पडलेले असतात. आणि चार पैसे त्याच्या गल्ल्यात पडले तर दुकान उघडं राहतं. फुकटच्या पाण्याने भरलेल्या गावात पाणी विकणारा दुकानदार कसा तग धरणार?

पैशाची दुसरी बाजू अनेकांच्या लक्षात येत नाही. आपल्यापैकी बरेचजण ज्या कंपन्यांत आहेत, त्या मान्यताप्राप्त संस्थेला दिलेल्या देणगीत आपलीही तेवढीच भर घालतात. पॅलेटवर अशी भर कुणी घालत नाही. पोर्तो रिकोतल्या अनेक संस्थांची नोंदणी अमेरिकी आयकर खात्याकडेच असते, त्यामुळे करसवलतही मिळते.

जोन्स कायद्याने खरा घोळ कुठे घातला, तेही फिओनात दिसलं. टेक्सासहून डिझेल घेऊन आलेलं एक परदेशी निशाणाचं जहाज बेटाच्या दक्षिण किनाऱ्यालगत थांबून होतं. इकडे इस्पितळांची जनित्रं डिझेलवर चालत होती. सूट मिळाली २८ सप्टेंबरला, वादळानंतर दहा दिवसांनी. मारियानंतरच्या काळात सूट देण्याचे नियम आणखी आवळले गेले आहेत: अमेरिकी जहाज उपलब्ध नाही हे आधी सागरी प्रशासनाने ठरवायचं, मग एका वेळी दहा दिवस, सगळं मिळून फार तर ४५. हे बदलायला हवं असं मला कळकळीने वाटतं, आणि अमेरिकेत मत असणाऱ्यांनी आपल्या खासदाराला तसं लिहावं. तो लढा द्यायचाच, पण कंटेनर भरून तो लढता येत नाही.

मधला एक मार्ग म्हणजे टपाल. ठरावीक दराचं खोकं पोर्तो रिकोला देशांतर्गत दरातच जातं. ओळखीचं एक घर असेल, त्यांचं टपाल कार्यालय पुन्हा उघडलं असेल आणि औषधं किंवा चष्मा असं काही पाठवायचं असेल, तर टपालच बरं. गावासाठी मदत म्हणून ते पुरत नाही.

तेव्हा बंदरावर ट्रक घेऊन येणारा माणूस फोनवर प्रत्यक्ष बोलला असेल तर कंटेनर जरूर भरा. नसेल, तर निदान मी तरी पैसेच पाठवीन, वादळ येऊन गेल्यावर पहिल्याच आठवड्यात आणि पुन्हा तीन महिन्यांनी, बातम्या थांबल्यावर. देताना ‘फक्त पाण्यासाठी’, ‘फक्त अन्नासाठी’ अशी अट मात्र घालू नका. तीन महिन्यांनी त्यांना पाणी नको असतं, छपरासाठी पत्रे हवे असतात.